बैसा

रुवीच्या घड्याळाच्या चौकात, सकाळी सहाला,
दार आतून ढकलत परकार म्हणाला, "बैसा."
दापोलीचा माणूस.
ओटीवर आलेल्याला म्हणावं, तसं.

आणि या देशात चिल्लरीलाही बैसाच म्हणतात.
हजार बैशांचा एक रियाल.
पहिल्या दिवशी मला कळेना
हा बसायला सांगतोय की मागतोय.

मी मागे बसणार होते.
मागे बसले तर तो ड्रायव्हर होतो,
पुढे बसले तर बिल्डिंगमधल्या बायकांना विषय होतो.
पुढे बसले.

आठवडाभर पैशाचं कुणीच काढलं नाही.
एसी तेवढा बोलत होता.
गुरुवारी मीच बॅचकार्डाच्या मागे मांडलं:
रुसैल चाळीस किलोमीटर, जाऊन-येऊन ऐंशी,
गाडी लिटरला बारा देते,
पेट्रोल दोनशे एकोणचाळीस बैसा.
माझा अर्धा रोजचा, सातशे सत्त्याण्णव.
परकार सिग्नलकडे बघत म्हणाला,
"रंगाच्या लॅबमधली माणसं ती. थेंब मोजणारच."
रागावला की हसला, गॉगलमुळे दिसलं नाही.
पण पहिल्या तारखेला पाकीट घेतलं,
आणि माझ्यासमोर मोजलं,
हे मला फार बरं वाटलं.

जूनमध्ये बुर्ज अल सहवाच्या अलीकडे टायर फुटला.
सत्तेचाळीस डिग्री. त्याने जॅक लावला,
मी माझ्या ओढणीने त्याच्या डोक्यावर सावली धरली,
ती सावली त्याच्या एका कानापुरतीच पडली.
नवा टायर अठ्ठावीस रियाल.
तो काही बोलला नाही, म्हणून मला झोप लागेना.
टायर शुक्रवारी त्याच्या पोरांनाही कुरुमच्या किनाऱ्यावर नेतो.
सातातले पाच भाग फॅक्टरीचे,
त्यातला अर्धा माझा:
बरोबर दहा रियाल. रात्री दीड वाजता निघाले.
सकाळी दिले. त्याने पाच परत केले.
"फुटलेला टायर आधीच दोन वर्षं पळालेला.
तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
तेव्हा मी मिरजेत होते,
कुणाच्याच गाडीत नव्हते.

मग रकाने वाढत गेले, कागदावर नाही, डोक्यात.
मी रोज सहा मिनिटं उशिरा उतरते,
तेवढा वेळ इंजिन चालू.
त्याची इंग्रजी पत्रं मी लिहिते,
स्टोअरमधले चुकलेले डबे, मॅनेजरची माफी,
एकदा पगारवाढीचं, जी मिळाली नाही.
तो गाडी धुतो. मी बर्फाचं पाणी आणते.
तो सिगारेट ओढायची थांबला, निदान जाताना.
हे कुणी कुणाला द्यायचं?

बावीस दिवस रजेवर गेले.
आल्यावर पाकीट पुढे केलं: गाडी तर जायचीच होती,
रिकाम्या सीटने काही पेट्रोल वाचवलं नसेल,
तुम्हाला पुरे सोळाशे पडले असतील रोजचे.
पाकीट त्याने गिअरजवळ पडू दिलं, दोन दिवस.
मग माझ्या मांडीवर टाकलं.
"बसलाच नाहीत, तर बैसा कसला?"

खरं तर इथेच हिशेब मिटायला हवा होता.
पण बावीस दिवसांचे होतात
सतरा रियाल, पाचशे चौतीस बैसा,
आणि चार बैशांचं नाणंच या मुलखात नाही.
पाचाचं दिलं तर एक तो लागतो,
नाही दिलं तर चार मी.
परकार म्हणतो, ठेवा पुढच्या महिन्यात.
पुढच्या महिन्यात आठ.

परवा एकाने कॅन्टीनमध्ये सांगितलं,
पैसे घेऊन माणसं नेणं इथल्या कायद्यात बसत नाही म्हणे.
संध्याकाळी आम्ही दोघं गप्प होतो सीबपर्यंत.
मग तो म्हणाला, "पोलिसाने विचारलं तर काय सांगायचं?"
"सांगा, चोवीस बैसा येणं आहे तिच्याकडून.
वसूल होईपर्यंत
सोडता येत नाही."